बाईंनी बदललेला शेवट

गमरे बाईंनी आवाज खाली आणला की समजायचं, सिनेमात कोणीतरी कोणाचा तरी हात धरला आहे.

बाकी सगळं त्या खणखणीत सांगायच्या. नायकाला मुलगी बघायला गेल्यावर जुलाब लागले, नायिकेच्या बापाला भर मांडवात ढेकरांवर ढेकर सुरू झाले, होणाऱ्या सासूच्या मांडीवर कुत्र्याने आपला कार्यक्रम उरकला, हे सगळं अठराचा पाढा म्हणून घ्यावा तशा आवाजात. आणि मग एकदम मान पुढे काढून, पदर तोंडाशी धरून, कुजबुजत सांगायच्या, "आणि मग तो तिला म्हणतो, तुझ्याशिवाय मला करमत नाही." एवढं एक वाक्य ऐकायला आम्ही मिनीडोरमध्ये डोक्याला डोकं लावून बसायचो. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, आत कोणाची तरी तब्येत बिघडली आहे.

बाईंना जाऊन वर्ष झालं. परवा शाळेत त्यांचा फोटो लावला. छोटी सभा झाली आणि केंद्रप्रमुखांपासून सरपंचांपर्यंत सगळे त्यांना 'शिस्तप्रिय' म्हणाले. फोटोत त्यांचा चेहराही तसाच आहे, आत्ता कोणाला तरी बाकावर उभं करतील असा. शिस्तप्रिय त्या होत्याच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं रोज एका गाडीतून गेले-आले होते, आणि त्या सभेत मला सारखं हसू येत होतं. ते मी रुमालात लपवलं. लोकांना वाटलं मी फार रडते आहे, आणि दोघीतिघींनी येऊन पाठीवरून हातही फिरवला.

आमची शाळा शिवथरच्या खोऱ्यात, दोन शिक्षकांची. बाई मुख्याध्यापिका आणि मी उपशिक्षिका. बाकी शिपाई, कारकून, घंटा वाजवणारा जो कोणी लागेल तो आम्हा दोघींपैकीच. महाडहून जायला सुभाष उतेकरची मिनीडोर ठरलेली होती. ती सहा आसनी रिक्षा आमच्या आधीपासून त्या रस्त्यावर होती आणि तिचा प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे वाजायचा. गाडीत आम्ही दोघी, पुढच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या लताताई, आणि टपालाची थैली घेऊन येणारे तांबे भाऊ. बिरवाडी सोडली की मोबाइलची रेंज जायची आणि बाईंचा सिनेमा सुरू व्हायचा.

सिनेमा त्या रविवारी बघायच्या. बाई भावाकडे राहत. दुपारी घरातली सगळी आडवी झाली की स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून, कानात इयरफोनची बोंडं घालून, मोबाइल भाजीच्या टोपलीला टेकवून. भावजयीला वाटायचं, बाई शासनाचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतात. मधूनच बाई हसायच्या तेव्हा ती आतून विचारायची की प्रशिक्षणात एवढं हसण्यासारखं काय असतं. बाई म्हणायच्या, या वेळचे तज्ज्ञ बरे आहेत.

त्यांना एकाच जातीचे सिनेमे आवडायचे. प्रेमाचे, पण ज्यात माणसं सतत घसरतात, सांडतात, चुकीच्या संडासात शिरतात असे. भाषा कुठली का असेना. सिनेमा कुठल्याही देशातला असो, सोमवारी सकाळी तो महाड तालुक्यात आलेला असायचा. नायकाचं पोलादपूर नाक्यावर टायरचं दुकान. नायिका नात्याची, नर्सिंग करून आलेली. ते मोठमोठे बॉलडान्स बाईंच्या सिनेमात हळदीच्या कार्यक्रमात बसायचे. आणि त्या सिनेमांत शेवटी नायक धावत धावत विमानतळावर जातो ना, तो आमच्याकडे महाडच्या एसटी स्टँडवर जायचा आणि बोरिवली गाडी सुटता सुटता दार ठोठावायचा. एकदा लताताईंनी पोराच्या मोबाइलवर मूळचा सिनेमा बघितला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार केली की त्यात टायरचं दुकान कुठंच नव्हतं. बाई म्हणाल्या, त्यांनी कापलं असेल.

सोमवार ते गुरुवार हप्ते, शुक्रवारी शेवट. यात बदल नाही. एकदा आमचे केंद्रप्रमुख शाळाभेटीला निघाले आणि त्यांची मोटरसायकल बंद पडली म्हणून वाटेत आमच्या गाडीत बसले. गुरुवार होता. आम्ही सगळे गप्प झालो, पण बाईंनी "तर नायक कपाटात लपलाय" म्हणून पुढे चालू केलं. कपाटात नायक, नायकाच्या पोटात सासुरवाडीचं मटण, आणि कपाटाबाहेर नायिकेचे तीन मामा. साहेब आधी खिडकीबाहेर बघत होते, मग चष्मा पुसायला लागले, मग त्यांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. शाळा आली, त्यांनी भेट दिली, शेरेबुकात पटसंख्या, पोषण आहार वगैरे लिहिलं. निघताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की तो माणूस कपाटातून कसा निघाला. मी सांगितलं, ते उद्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी साहेब सलग दुसरी शाळाभेट द्यायला आले. तालुक्यात आमची शाळा फार संवेदनशील आहे की काय अशी चर्चा झाली.

मला सुरुवातीला हे सगळं जरा घाण वाटायचं. मी नवी होते, पुण्यात डीएड करून आलेली, आणि गाडीत तांबे भाऊंसारखा वयस्कर पुरुष बसलेला असताना जुलाब वगैरे मला नको व्हायचं. एकदा मी बाईंना म्हटलंच की तेवढा भाग गाळून नुसती प्रेमकथा सांगितली तर? बाई त्या दिवशी पोषण आहाराचे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"तू बघ एकदा," त्या म्हणाल्या. "प्रेमाचं बोलणं निघालं की गाडीतलं प्रत्येक माणूस बाहेर बघतं. लताताई नदीकडे, सुभाष आरशात, तांबे थैलीची दोरी सोडवून परत बांधतात. लाज वाटते गो सगळ्यांना. मलाही वाटते. हसलं की माणूस परत आत बघतं. तेवढ्यात मी दोन गोड वाक्यं सांगून टाकते."

मग मी बघायला लागले आणि खरंच तसं होतं. तांबे भाऊंची दोरी तर आठवड्यातून चारपाचदा सुटायची.

हे तांबे भाऊ म्हणजे सरळ माणूस. उंच, वाळलेले, खाकी शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पनवेलला. त्यांचं एकच तत्त्व होतं, जसं आलं तसं पोचवायचं. पाकिटावर पत्ता चुकीचा असेल आणि माणूस समोर उभा असेल तरी ते आधी पत्त्यावर जाऊन, तिथं कोणी नाही याची खात्री करून मग त्या माणसाकडे यायचे. बाईंच्या सिनेमात ते कधी बोलायचे नाहीत. फक्त शुक्रवारी उतरताना "बरं झालं जुळलं" एवढं म्हणायचे, जसं काही ती दोघं त्यांच्या टपालाच्या बीटातली होती.

बाईंचं स्वतःचं लग्न राहून गेलं होतं. वडील लवकर गेले, धाकट्यांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, आणि ते सगळं होईतो स्थळं यायची थांबली. याबद्दल त्या स्वतः कधी बोलल्या नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, माझ्याकडे पहिली ते चौथी आहे, अजून किती करू.

त्यांच्या निवृत्तीचं वर्ष होतं. त्यांची जन्मतारीख एक जून, म्हणजे त्यांच्या पिढीतल्या निम्म्या तालुक्याची असते ती. शाळेत घालताना गुरुजींना जी सुचली ती. मेअखेर त्या सुटणार होत्या. तांबे भाऊ त्याआधीच, जानेवारीअखेर टपाल सोडणार होते आणि मुलगा त्यांना पनवेलला न्यायला येणार होता. जानेवारीच्या मध्यावर एका दुपारी भाऊ शाळेत आले. बाईंच्या पेन्शनच्या कागदांचं रजिस्टर पाकीट होतं. मी चौथीची गणितं तपासत होते. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, वही उघडली, पेन काढून दिलं आणि त्याच आवाजात म्हणाले, "बाई, एकतीसला पोरगा न्यायला येतोय. मला जायचं नाय. हितंच महाडला राहावं म्हनतो, तुमच्यासंगं, लग्न करून. तुमची मर्जी आसल तर. घाई नाय, एकतीसच्या आत सांगा. सही हितं."

बाईंनी सही केली. माझ्या वहीवर लाल शाईचा केवढा तरी डाग पडला.

भाऊ गेल्यावर बाईंनी पाकीट न फोडताच कपाटात ठेवलं आणि पहिलीच्या वर्गाला तिसरीची कविता म्हणायला लावली. दोन दिवसांनी मी विचारलं. त्या म्हणाल्या की माणूस चांगला आहे, सवयीचा आहे, सकाळी तो गाडीत नसला तर दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. मग हो म्हणा, मी म्हटलं. त्यावर त्या जे म्हणाल्या ते ऐकून मला वाईट वाटलं.

"लोक हसतील गो. अठ्ठावन्नाव्या वर्षी मुख्याध्यापिका नवरी. बाजारात हसतील, घरी भावजय हसेल, चौथीची पोरंसुद्धा हसतील. मी हसवते ते वेगळं. माझ्यावर हसलेलं मला नाही सोसायचं."

म्हणजे इतकी वर्षं सगळ्या गाडीला हसवणारी बाई हसण्यालाच भीत होती. त्या आठवड्यात सिनेमा झाला नाही. सुभाषने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. सुभाष चिडून गाडी जोरात हाणायला लागला. आम्ही शाळेत वीस मिनिटं लवकर पोचायला लागलो आणि पोरांची त्यात गैरसोय झाली. तांबे भाऊ नेहमीसारखे बसायचे, विचारायचे काही नाहीत. फक्त दोरी सुटायची आणि बांधायची.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सोमवारी बाईंनी अचानक सुरू केलं. भाऊंचा मुलगा रविवारी येणार होता. सिनेमा दोन वयस्कर माणसांचा होता. एक विधुर, एक एकटी बाई, समोरासमोर राहणारी. विधुराला बाईंनी महाडच्या बाजारपेठेत छत्र्या दुरुस्त करायला बसवलं आणि तिला समोर शिवणकामाचं दुकान काढून दिलं. लताताईंनी सिनेमाचं नाव विचारून घेतलं. मंगळवारी विधुराची कवळी तिच्या वरणात पडली. बुधवारी त्याच्या धोतराचं जे झालं ते मी लिहिणार नाही, सुभाषला गाडी बाजूला घ्यावी लागली. गुरुवारी विधुर तिला लग्नाचं विचारतो आणि सांगतो की उत्तर आलं नाही तर मी गाव सोडून जाणार. तिथं बाईंनी थांबवलं. गाडीत आम्हा सगळ्यांना काय चाललंय ते कळत होतं. लताताईंनी माझी मांडी इतक्या जोरात दाबली की काळंनिळं झालं. तांबे भाऊ मात्र "बघू उद्या काय करते ती" म्हणून उतरून गेले.

शुक्रवारी थंडी होती. सुभाषने गाडीचे प्लास्टिकचे पडदे सोडून घट्ट बांधले होते. बाईंनी त्या दिवशी सुरुवातच कुजबुजत केली. आवाज नको म्हणून सुभाषने गाडी इतकी हळू घेतली की एक म्हैस आम्हाला मागे टाकून पुढे गेली. बाई सांगत होत्या की ती बाई रात्रभर झोपत नाही, सकाळी दुकानाला कुलूप लावते, स्टँडवर चालत जाते. पनवेल गाडी फलाटाला लागलेली. तो खिडकीत बसलेला. ती खाली उभी राहते आणि म्हणते, उतरा, मी तयार आहे. बाईंच्या कपाळावर एवढ्या थंडीत घाम आला होता.

तांबे भाऊंनी घसा साफ केला.

"नाय बाई," ते म्हणाले. "आसं नाय."

बाईंचा पदर तोंडाशीच राहिला.

"काल पुतन्याकडनं लावून घेतला. ती काय स्टँडवर येत नाय. ती खिडकी लावून घेते. तो जातो. संपतो तिथं."

सुभाषने ब्रेक दाबला. लताताईंच्या तोंडून नुसतं "अगो बाय" एवढंच आलं. बाईंनी कसाबसा प्रयत्न केला की तुम्ही नीट बघितला नसेल.

"नीट बघितला," भाऊ म्हणाले. "दोनदा बघितला."

"दोनदा कशाला?"

भाऊ थैलीकडे बघत म्हणाले, "म्हटलं, दुसऱ्यांदा तरी येते काय ती."

मी आजवर पुष्कळ सिनेमे पाहिले, पण त्या वाक्याला जे झालं ते मला कुठल्याच सिनेमात झालेलं नाही. बाईंनी तोंडावरचा पदर काढला. त्या सरळ बसल्या आणि मैदानावरच्या पोरांना हाक मारायच्या आवाजात, खोऱ्याच्या दोन्ही कडांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तांबे, ती सिनेमातली बाई गेली खड्ड्यात. मी सांगतेय, मी. मी हो म्हणतेय. तुम्ही पनवेलला जायचं नाही."

सुभाषने इंजिनच बंद केलं. पंधरा दिवस जीव मुठीत धरून बसलेल्या तांबे भाऊंनी सुटकेचा श्वास टाकला, पण तो नाकातोंडाने नव्हे.

लांबलचक होता. पडदे घट्ट बांधलेले. बिरवाडीचे वास मारणारे रसायनांचे कारखाने केव्हाच मागे पडले होते, त्यामुळे आळ घालायलाही कोणी नव्हतं. भाऊंचे कान लाल झाले. सुभाष स्टिअरिंगवर डोकं टेकून थरथरत होता, लताताईंनी तोंडात रुमाल कोंबला होता, आणि मी बाईंकडे बघत होते. ज्या हसण्याला ही बाई भीत होती ते तिच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या वाक्यापाठोपाठ येऊन उभं राहिलं होतं.

बाईंच्या पोटातून आधी एक हुंदक्यासारखा आवाज आला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, भाऊंच्या गुडघ्यावर थापा मारून मारून त्या हसल्या, आणि म्हणाल्या, "हे मात्र सिनेमात नव्हतं हो."

मग सुभाषने उतरून पडदे वर केले.

लग्न महाडच्या विहारात झालं, पन्नासेक माणसांत. सुभाषने मिनीडोरला फुगे लावले आणि नवरानवरीला त्यातूनच आणलं. बाजारात हसणारे हसले. भावजयीने दोन महिने अबोला धरला आणि तिसऱ्या महिन्यात लोणच्याची बरणी पाठवली. त्यांनी बाजारपेठेमागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, पुराचं पाणी चढणार नाही अशा. भाऊ त्यांना लग्नानंतरही 'बाई'च म्हणायचे आणि त्या त्यांना 'तांबे'.

माझी पुढे पोलादपूरकडच्या शाळेत बदली झाली. जाणं कमी झालं. तीन वर्षांनी कळलं की भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला आहे, उजवी बाजू गेली आहे. मी भेटायला जायला चार रविवार लावले. आजारी माणसाच्या घरी काय बोलावं हे मला अजून येत नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी बाईच आधी गेल्या, दुपारच्या झोपेत, आणि भाऊंना शेवटी मुलाने पनवेलला नेलं ते नेलंच. पण हे नंतरचं.

मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. आतून बाईंचा आवाज आला, बस, येतेच. पाचएक मिनिटांनी दोघं संडासाकडून आली. भाऊंचा सगळा भार बाईंच्या खांद्यावर, बाईंची साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हात कोपरापर्यंत ओले. त्यांनी भाऊंना खाटेवर टेकवलं, पाय उचलून वर घेतले, उशी सारखी केली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "झाली गो. आज पाचव्या दिवशी. आणि अगदी व्यवस्थित."

भाऊ वाकड्या तोंडाने लाजले. मी म्हटलं, बाई, तुम्हाला फार करावं लागतं.

"करते की," बाई म्हणाल्या. "खाली दूध आणायला गेले तरी हा माणूस दाराकडे तोंड करून बसतो. अशी वाट माझी कोणी पाहिली होती?"

हे त्या मोठ्यानेच म्हणाल्या. मग चहा केला, भाऊंना चमच्याने पाजला, त्यांची हनुवटी आपल्या पदराने पुसली. मी निघाले तशा दारापर्यंत आल्या. समोरच्या दारात शेजारीण सुनेबरोबर लसूण सोलत बसली होती. मी जिना उतरायला लागले आणि मागे बाईंचा आवाज ऐकला, शाळेतलं पोर शिष्यवृत्तीला लागल्यावर यायचा तो. पाचव्या दिवशी, अगदी व्यवस्थित, असं त्या समोरच्यांना सांगत होत्या. मी वळून बघितलं. शेजारीण आणि तिची सून तोंडाला हात लावून हसत होत्या, आणि ओले हात कमरेवर ठेवून बाई त्या दोघींपेक्षा मोठ्याने हसत होत्या.